बडोद्याहून ससिहित्लू-मुल्की : लाटांच्या गावी जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकली की आमच्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. कधी रावपुऱ्यातली मावशी विचारते, कधी मुलाच्या वर्गातल्या मित्राची आई, कधी जिन्यात भेटलेले शेजारचे काका. आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातले, म्हणजे समुद्राशी पिढ्यान् पिढ्या संबंध नाही. तरी २०१८ पासून चार वेळा कर्नाटकातल्या या किनाऱ्यावर सर्फिंगला, म्हणजे फळीवर (बोर्डवर) उभं राहून लाटेवरून घसरत यायला, जाऊन आलो, आणि आता घरात आम्हालाच ‘समुद्रवाले’ म्हणतात. तोंडी उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

हे गाव नेमकं आहे कुठे?

दक्षिण कन्नड जिल्ह्यात, मंगळुरूच्या उत्तरेला साधारण ३० किलोमीटरवर मुल्की नावाचं छोटं शहर आहे. तिथे शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या एकत्र येऊन अरबी समुद्राला मिळतात. मुखाच्या दक्षिणेला, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर ससिहित्लू वसलंय. कन्नडमध्ये ‘ससि’ म्हणजे रोप आणि ‘हित्तलु’ म्हणजे परसू. नाव ऐकायला अवघड वाटतं, पण अर्थ असा आपल्या घरामागचा आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर हळेयंगडी लागतं, तिथून फाटा फुटतो. नारळाच्या बागा, कौलारू घरं, दारात वाळत घातलेली जाळी, आणि मग रस्ता संपतो तिथे समुद्र.

सर्फिंग? आपल्या देशात? हे कधीपासून?

मुल्कीत २००४ पासून. जॅक हेबनर नावाचे अमेरिकन गृहस्थ फ्लोरिडात लाटांवर वाढलेले. ते १९७२ मध्ये भारतात आले, वैष्णव भक्तिमार्गाला लागले आणि पुढे मुल्कीच्या नदीकाठी त्यांनी आश्रम काढला. सकाळी जप, मग लाटा. लोक त्यांना ‘सर्फिंग स्वामी’ म्हणू लागले. त्यांचा मंत्र सर्फ क्लब हा देशातला पहिला सर्फ क्लब मानला जातो. भारतीय सर्फिंग महासंघ २०११ मध्ये स्थापन झाला आणि २०१६ मध्ये ‘इंडियन ओपन’ ही राष्ट्रीय स्पर्धा ससिहित्लूच्याच वाळूवर भरली. सर्फिंग ऑलिंपिकमध्ये आलं ते टोकियोच्या वेळी. आपल्या रमेश बुदिहाळ यांनी २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. हे सगळं सांगायचं कारण असं की ‘हे परदेशी लोकांचे चोचले’ असं म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतात. तिथे शिकवणारी बरीचशी मुलं किनाऱ्यावरच्या घरांतली असतात. लाट त्यांना आपल्यापेक्षा आणि पुस्तकापेक्षाही जास्त कळते.

आपल्याला खंभातचं आखात एवढं जवळ असताना इतक्या लांब कशाला जायचं?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे.

कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेव पाहिलाय ना? जंबुसर तालुक्यातलं ते देऊळ दिवसातून दोनदा समुद्र पोटात घेतो आणि दोनदा परत देतो. दर्शनाला जायचं तर पुजाऱ्याची नव्हे, ओहोटीची वेळ विचारून जावं लागतं. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. तोंड रुंद, पुढे अरुंद आणि उथळ होत जाणारं. आत शिरलेल्या भरतीला पसरायला जागा नाही, म्हणून ती वर चढते. काही ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्याही पुढे जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा! त्यात मही, नर्मदा, तापी, साबरमती या सगळ्यांचा गाळ. पाणी चहासारखं, तळाला चिखल, आणि प्रवाहाचा जोर असा की उभ्या माणसाला ओढून नेईल. तिथे पाणी हलतं खूप, पण चढता येईल अशी सरळ लाट बनत नाही.

मुल्कीला उलटं आहे. भरती-ओहोटीत फरक जेमतेम दीड मीटरच्या आसपास. किनारा उघड्या समुद्राकडे तोंड करून आहे, त्यामुळे हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागराच्या दक्षिणेला उठलेल्या वादळांची लाट तिथवर चालत येते. नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे साचलेले असतात. खोल पाण्यातून आलेली लाट त्या दांड्यावर अडखळते, उभी राहते आणि एका बाजूने क्रमाने फुटत जाते. सर्फिंगला हवी असते ती हीच फूट. सगळी लाट एकदम कोसळली तर तिचा काही उपयोग नाही.

मग तारकर्ली का नाही? ते तर आपलंच.

जा की, जरूर जा. तारकर्लीला पाण्याखाली बुडी मारायला जातात. इथे पाण्यावर उभं राहायला. दोन्हीची मजा वेगळी.

जायचं कधी?

नवशिक्यांनी आणि कुटुंबानं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. लाटा कमरेएवढ्या, आकाश मोकळं, पाणी कोमट. आपल्याकडे जानेवारीत सकाळी सयाजीबागेत फिरताना कानटोपी लागते, तिथे त्याच वेळी तुम्ही अर्ध्या बाहीच्या कपड्यात पाण्यात असता. मार्च-एप्रिलमध्येही जमतं, पण दमट उकाडा आपल्या कोरड्या उन्हाळ्यापेक्षा वेगळाच त्रास देतो. मेच्या शेवटी लाटा मोठ्या होतात. तेव्हाचा समुद्र ज्यांना येतं त्यांच्यासाठी.

आणि पावसाळ्यात?

पाण्यात उतरायचं नाही. जून ते सप्टेंबर हा समुद्र किनारा खातो, अगदी शब्दशः. ससिहित्लूची वाळू आणि झाडं पावसाळ्यात वाहून जातात, दगडांचे बांध घालूनही जातात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते, कारण माशांच्या विणीचा हा काळ. जिथे कोळी बोटी ओढून ठेवतात, तिथे आपण बोर्ड घेऊन निघणं म्हणजे वेड पांघरून पेडगावला जाणं. पाऊस बघायला गेलात तर मात्र बघण्यासारखाच आहे, व्हरांड्यात बसून.

क्लास किती वाजता असतो? मुलांना उठायला उशीर होतो…

पहिल्या वेळी मीही हेच केलं. नाश्ता करून, आरामात, अकरा-साडेअकराची वेळ मागितली. शिकवणारा मुलगा भिडस्त, नाही म्हणाला नाही. पाण्यात गेलो तर समुद्र उकळल्यासारखा नुसता खळबळलेला. मुलं दीड तासात एकदाही उभी राहिली नाहीत, आणि धाकटा खारं पाणी पिऊन ओकला.

कारण शाळेतल्या भूगोलात होतं. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे सुटतात. दुपारकडे ते जोर धरतात आणि लाटेचा चेहरा विस्कटून टाकतात. रात्री उलट, जमिनीकडून मतलई वारे. ते पहाटेपर्यंत असतात, आणि समोरून वारा आला की लाट जरा जास्त वेळ उभी राहते, गुळगुळीत राहते. म्हणून सहा-साडेसहा ते नऊ ही खरी वेळ. मुलांना उठवा. तिथे आपोआप उठतात, कोळ्यांच्या बोटींची इंजिनं पाचलाच सुरू होतात.

वाऱ्यासोबत भरतीही बघावी लागते. कोकणातला जुना आडाखा असा आहे की तिथीला पाऊणने गुणा, येईल तो भरतीचा अंदाजे तास. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सुमारे सहा तासांनी ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे जुळतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी जास्त चढतं-उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मवाळ. आडाखा अंदाजापुरताच, नेमकी वेळ तिथल्यांना विचारा. पण तिकिटं काढण्याआधी कालनिर्णय उघडून बघा. आमच्या सासूबाईंना या सहलीत पटलेली ही एकमेव गोष्ट.

बडोद्याहून जायचं कसं?

रेल्वेनं, आणि तेच सगळ्यात चांगलं. गुजरातमधून केरळकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या बडोद्याला थांबून कोकण रेल्वेमार्गे जातात. ओखा–एर्नाकुलम, गांधीधाम–नागरकोविल, वेरावळ–तिरुवनंतपुरम, शिवाय दिल्लीहून येणारी तिरुवनंतपुरम राजधानी. या रोजच्या गाड्या नाहीत, वार बघून ठरवा. उडुपी किंवा मंगळुरू जंक्शनला उतरायचं, मुल्की दोन्हींच्या मधोमध आहे. जमत नसेल तर मुंबई गाठायची आणि लोकमान्य टिळक टर्मिनसवरून मत्स्यगंधा एक्स्प्रेस धरायची. ती मुल्कीलाच थांबते. गाडीचं नावही मुक्कामाला शोभणारं.

आता आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. नाताळच्या आठवड्याचं तिकीट हवं असेल तर त्या दिवशी सकाळी आठला फोन हातात घेऊन बसा.

खिडकीची जागा मागा. कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते आणि ७४१ किलोमीटर जाऊन ठोकूरला संपते. ठोकूर हे मुल्कीच्या पुढे दोनच स्थानकं. ठोकूर ते उडुपी हा तुकडा १९९३ मध्ये सुरू झाला होता, तेव्हा रत्नागिरीकर अजून एसटीनंच मुंबईला जात होते. आपल्याला ‘कोकण रेल्वे’ म्हटलं की चिपळूण-कणकवली आठवतं, पण या रुळांचं एक टोक तुळू बोलणाऱ्या मुलखात आहे. पावसाळ्यात या मार्गाचं वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या सावकाश चालतात.

विमानानं जायचं तर हरणी विमानतळावरून मुंबई किंवा बेंगळुरूला बदल करून मंगळुरू. विमानतळ मुल्कीपासून तासाभरावर.

मला पोहता येत नाही. येऊ का?

या. पहिला धडा कमरेएवढ्या पाण्यात असतो, तळाला वाळू असते आणि बोर्ड हीच मोठी तरंगणारी फळी पायाला दोरीनं बांधलेली असते. पण खरं सांगू? पोहता येणाऱ्याला मजा येते आणि न येणाऱ्याला भीती आवरण्यातच वेळ जातो. जायला दोन महिने असतील तर लालबाग किंवा सरदारबागच्या तरणतलावात नाव घाला. वेगानं पोहणं शिकायची गरज नाही. नाकातोंडात पाणी गेल्यावर न घाबरता उताणं तरंगता आलं की पुष्कळ झालं.

समुद्रात मगर असते का?

हसू नका, बडोद्यातल्या प्रत्येक मुलाचा हा पहिला प्रश्न असतो. विश्वामित्रीला पूर आला की ज्यांच्या सोसायटीत मगर येते, त्यांनी हे विचारणं रास्तच आहे. आपली मगर गोड्या पाण्यातली. खाऱ्या पाण्यातली मोठी मगर भारतात ओडिशा, सुंदरबन आणि अंदमानात, पश्चिम किनाऱ्यावर नाही. तेव्हा लाटांमध्ये मगर नाही.

जेलीफिश मात्र असतात, काही आठवड्यांत जास्त. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, गोड्या पाण्यानं नाही, आणि वाळूनं तर मुळीच चोळू नका. नंतर सोसेल इतक्या गरम पाण्यानं शेक. उथळ पाण्यात वाळूत पाकट मासा लपलेला असू शकतो, म्हणून पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालायचं. तो स्वतःच निघून जातो.

सगळ्यात धोकादायक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे पाण्याची ओढ. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जाताना एखादी चिंचोळी वाट धरतं. लाटा फुटणाऱ्या दोन पट्ट्यांच्या मध्ये शांत, गडद पाणी दिसलं की नवखा माणूस म्हणतो ‘इथे बरं आहे’ आणि तिथेच शिरतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमून बुडाल. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा, ओढ संपते. नदीच्या मुखाजवळ तर शिकवणाऱ्याशिवाय पाऊलही नको. ओहोटीला दोन नद्यांचं पाणी एकदम बाहेर निघतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मोठ्या लाटांचे इशारे देते. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या वादळाची लाट अचानक येऊ शकते, म्हणून सकाळी तो इशारा बघायची सवय ठेवा.

पहिल्या दिवशी उभं राहता येतं?

बहुतेकांना फेसाळ पाण्यात दोन-तीन सेकंद येतं. आधी वाळूवर बोर्ड ठेवून पालथं झोपायचं, हातांनी वल्हवायची नक्कल, मग छातीजवळ तळवे टेकवून एका झटक्यात उभं. ज्यांनी सूर्यनमस्कार घातलेत त्यांना ही उडी ओळखीची वाटते. आमच्या घरात सगळ्यांत आधी उभा राहिला तो आखाड्यात जाणारा भाचा, क्रिकेटवाले नाहीत. डावा पाय पुढे की उजवा, हे आधी कळत नाही. मागून हलका धक्का दिल्यावर जो पाय पुढे पडतो तो तुमचा. नजर पायांकडे गेली की पडलात. समोर झाडाकडे बघायचं.

नवशिक्यांना आठ-नऊ फुटी फोमचा बोर्ड देतात. जड असतो पण डोक्याला लागला तरी डोकं फुटत नाही. पडताना बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मध्ये येऊ देऊ नका, आणि वर येताना डोक्यावर हात धरून या. दुसऱ्या दिवशी खांदे आणि बरगड्या दुखतील. तिसऱ्या दिवशी अचानक जमतं.

लहान मुलं, आजी-आजोबा?

मुलांचं वय शाळा ठरवते, आमची आठव्या वर्षी उतरली. मोठ्यांसाठी शांभवी नदी आहे. रुंद बोर्डवर उभं राहून किंवा गुडघ्यावर बसून वल्हवत कांदळवनातून जायचं. लाट नाही, घाई नाही. आमच्या ६२ वर्षांच्या आत्याबाई नऊवारीचा हट्ट सोडून सलवारीत आल्या, बसूनच वल्हवलं, आणि परत आल्यावर सबंध दांडिया बाजाराला सांगितलं की त्यांनी ‘सर्फिंग’ केलं. कोणी दुरुस्त केलेलं नाही.

बायकांनी कपडे काय घालायचे?

पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा टॉप आणि घोट्यापर्यंतची लेगिंग. त्यानं ऊनही लागत नाही आणि बोर्डवर पोट घासून सोलवटत नाही. सुती कपडे नकोत, पाणी पिऊन जड होतात. किनारा गावाचा आहे, त्यामुळे पाण्याबाहेर आलं की वर काहीतरी ओढून घ्यावं, पुरुषांनीसुद्धा.

खायचं काय? आम्ही शाकाहारी.

उडुपी शेजारी आहे, शाकाहाऱ्यांची काळजी करूच नका. नीर दोसा म्हणजे पाण्यासारख्या पातळ तांदळाच्या पिठाची जाळीदार घावनं. बन्स म्हणजे पिकलेलं केळं घातलेल्या फुगलेल्या गोडसर पुऱ्या. गोळी बजे म्हणजे मैद्याची ताकातली भजी. आणि पत्रोडे समोर आलं की आपण एकदम ‘अरे, ही तर अळुवडी!’ म्हणतो, फक्त ती तळलेली नसून वाफवलेली असते. भात जाडा, लालसर, उकड्या तांदळाचा. गडबड नावाचं आइस्क्रीम मिळतं, थरांवर थर. नावावर विनोद करायचा मोह सगळ्यांना होतो, आम्हीही केला.

मासे खाणाऱ्यांनी बर्फात आठवडाभर प्रवास केलेला बडोद्याचा पापलेट तीन दिवस विसरावा. तिथे बांगडा, तारली, सुरमई, मुडदुशा. तुळूत तारलीला ‘बूताई’ आणि सुरमईला ‘अंजल’ म्हणतात. खाडीतल्या तिसऱ्या म्हणजे ‘मरवाई’, नारळ घालून सुक्या करतात. कोंबडीच्या रश्श्यात तांदळाच्या कुरकुरीत रोट्या मोडून खातात, ती कोरी रोट्टी. सगळं खोबरेल तेलात. पहिल्या घासाला वास जाणवतो, दुसऱ्याला नाही.

मात्र आश्रमात राहणार असाल तर तिथे मांस-मासे आणि दारू, दोन्ही नाही.

‘बाकीची’ सोय?

कर्नाटकात दारूबंदी नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पिऊन पाण्यात उतरणाऱ्याला कोणताही शहाणा शिकवणारा बोर्ड देणार नाही. आणि येताना बाटली बॅगेत टाकून गुजरातच्या हद्दीत आलात तर तो गुन्हा आहे. यावर मला फोन करू नये.

आपल्यामुळे कोळ्यांना त्रास होतो का?

होऊ शकतो. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

किनारा मोगवीर कोळ्यांचा आहे. तिथे अजूनही ‘रंपणी’ लावतात, कोकणातली रापण. होडीनं अर्धगोल घालून जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं वाळूवरून हातांनी ओढत आणायची. त्या वेळी जाळ्याच्या आत बोर्ड घेऊन पोहत असलात तर त्यांची सकाळ वाया जाते. जाळं टाकताना दिसलं की लांब सरकायचं. ओढायला हात लावायचा असेल तर आधी विचारा. बहुतेक वेळा हसून दोरी हातात देतात. आमच्या मुलांना बदल्यात मूठभर तारल्या मिळाल्या, त्या घेऊन करायचं काय हे कोणालाच कळेना, शेवटी घरमालकीणबाईंनी तळून दिल्या.

वाळूत पसरलेल्या जाळ्यांवरून चालू नका, एक भोक विणायला तास जातो. ओढून ठेवलेल्या होडीत बसून फोटो काढू नका. होडीची पूजा होते, चप्पल घालून तिच्यात चढणं म्हणजे कोणाच्या देवघरात चढणं. मासे निवडणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. लिलाव चालू असताना मध्ये उभं राहून ‘हा कुठला मासा’ विचारायची वेळ ती नव्हे.

आणि लीला चिवडा, भाकरवडी, खाकरे जे काय न्याल त्याची पाकिटं परत आणा. समुद्र ती पाकिटं त्यांच्याच जाळ्यात नेऊन देतो.

लाटा सोडून बघण्यासारखं काय?

सकाळी नदीवर ब्राह्मणी घार, तांबूस अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची. खंड्या, बगळे, पंख वाळवत बसलेले पाणकावळे. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात हिवाळी पाहुणे पाणपक्षी. कांदळवनाची मुळं पाण्याबाहेर श्वास घेताना दिसतात ती ओहोटीलाच, म्हणजे इथेही वेळ बघून जायचं.

ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी २०२४ मध्ये ससिहित्लूच्या वाळूत सापडली आणि वनखात्यानं ती कुंपण घालून राखली. म्हणून हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर प्रखर दिवे, शेकोट्या नकोत. पिल्लं उजेडाकडे जातात, आणि उजेड समुद्राकडे असायला हवा. काही वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास रात्री लाटा निळ्या चमकतात. ते सूक्ष्म जीव असतात, हलले की उजळतात. ते दिसणं नशिबावर.

बडोदेकरांसाठी एक जोड. द्वारकेकडचं ओखामंडळ बडोदा संस्थानात होतं, आणि तिथल्या समुद्रातल्या जीवांची पाहणी सयाजीरावांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करून घेतली होती. तिचा पहिला अहवाल १९०९ चा. म्हणजे ‘आपल्याला समुद्राचं काय’ हे म्हणणं काही खरं नाही.

भाषेचं काय?

घराघरात तुळू, शाळेत-कचेरीत कन्नड, आणि मुल्कीत कोंकणी बोलणारी सारस्वत मंडळीही भरपूर. कोंकणी नीट कान देऊन ऐकली की निम्मी कळते, आणि आपलं मराठी त्यांना पाऊण कळतं. हिंदी चालते. पुरुषांना ‘अण्णा’, बायकांना ‘अक्का’ म्हणा. ‘एंच उल्लर?’ म्हणजे कसे आहात, ‘सोल्मेलु’ म्हणजे आभार. उच्चार चुकला तरी समोरचा माणूस खुलतो.

किती दिवस लागतात? आजूबाजूला काय?

प्रवास सोडून चार सकाळी तरी हव्यात. दोन दिवसांत उरकणारे दुसऱ्या दिवशी दुखऱ्या खांद्यांनी परततात, जमायच्या आदल्या दिवशीच. दुपारी मोकळ्याच असतात. मुल्कीत शांभवीच्या काठी बप्पनाडूचं दुर्गापरमेश्वरीचं देऊळ आहे. ते एका मुस्लिम व्यापाऱ्यानं, बप्पा ब्यारी यांनी बांधलं अशी आख्यायिका सांगतात, आणि तिथला प्रचंड ढोल प्रसिद्ध आहे. नंदिनीच्या पात्रातलं कटीलचं देऊळ जवळ. कापूचं दीपगृह १९०१ मधलं, खडकावर उभं. मल्पेहून होडीनं सेंट मेरी बेटावर जाता येतं, तिथे लाव्हाचे षटकोनी खांब कोणीतरी रचून ठेवल्यासारखे दिसतात. हिवाळ्यात चिखलाच्या शेतात रेड्यांच्या शर्यती, कंबळ, असतात. रात्री यक्षगान, म्हणजे तिथलं नृत्यनाट्य. पहाटे क्लास असेल तर ते सबंध रात्र बघण्याचा मोह आवरा, मला आवरला नव्हता.

सामानात काय?

जस्तयुक्त सनस्क्रीन, टोपी, घट्ट झाकणाची पाण्याची बाटली, कोरडे टॉवेल जास्तीचे, नेहमीची औषधं, थोडी रोकड. गावात छोटी दुकानं आहेत, एटीएमला मुल्की किंवा हळेयंगडी. मोठी रुग्णालयं मंगळुरू आणि मणिपालला. चष्मेवाल्यांनी चष्मा किनाऱ्यावर ठेवा. आमच्याकडे दोन समुद्राला अर्पण झालेत.

स्वतःचा बोर्ड विकत घेऊ का?

चालवणार कुठे, सुरसागर तळ्यात?

परत आल्यावर बडोद्यात सराव कसा करायचा?

गच्चीवर सतरंजी घाला, तिच्यावर खडूनं बोर्डाचा आकार आखा. पालथं झोपायचं, टाळी वाजली की एका झटक्यात उभं राहायचं, दहा वेळा, रोज. आमच्या गच्चीवर हा प्रकार सकाळी साडेसहाला चालतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनी धडधड होते म्हणून तक्रार केली. मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, पुढची एकादशी कधी आहे, तिकीट काढायचंय.